नखाचे दुखणे नखापुरते नसते

विहारात जाताना, लग्नाच्या मांडवात शिरताना, सोयऱ्याच्या घरी पाय ठेवताना आपल्याकडे चपला-बूट बाहेर काढायची पद्धत आहे. त्या वेळी नीट लक्ष दिले तर एखादा माणूस मागे रेंगाळताना दिसतो. तो मोजे काढत नाही. खाली बसला की पाय पँटच्या घोळाखाली ओढून घेतो. बाई असेल तर लुगड्याचा काठ बोटांवर ओढते. विचारले तर "काही नाही, नखाला जरासे लागले," एवढेच उत्तर मिळते. पुष्कळदा लागलेले काहीच नसते. नख जाड होऊन पिवळे पडलेले असते, टोकाकडून वर उचललेले असते, खाली पांढरा भुसा साचलेला असतो आणि बोट इतके दुखत असते की रात्री अंगावरची गोधडी पायाला लागली तरी जीव कासावीस होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी आम्ही अशाच नखांविषयी लिहीत आहोत. नखांच्या सगळ्या तक्रारी एकाच रोगाच्या नसतात. पण त्यांतली एक तक्रार अशी आहे, की जी नखात दिसते आणि आत सांधा खात असते. तिचे नाव सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिससोबत येणारा संधिवात. आम्ही डॉक्टर नाही. कार्यालयात हिशेबाच्या वह्या सांभाळणारे कारकून आहोत. परंतु हे दुखणे गेली अकरा वर्षे आमच्या स्वतःच्या पायात आहे. डाव्या पायाचा अंगठा आणि उजव्या पायाची दोन बोटे यांच्याशी आमचा रोजचा व्यवहार आहे. डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि रोजच्या वापरात जे टिकले, तेवढेच येथे सांगतो.

रोग कोणता?

शरीराचे रक्षण करणारी एक यंत्रणा आपल्या अंगात असते. बाहेरून जंतू आले की ती त्यांच्याशी लढते. काही माणसांत ही यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. तिने कातडीवर हल्ला केला की कातडीच्या पेशी गरजेपेक्षा फार भराभर तयार होतात, लाल चट्टे उठतात आणि त्यांवर चांदीसारखे पांढरे पापुद्रे धरतात. हा सोरायसिस. कोपर, गुडघे, डोक्याची कातडी, कानामागची जागा, बेंबी, कंबरेखालची घडी या त्याच्या आवडत्या जागा. सोरायसिस झालेल्या १० जणांपैकी साधारण २ ते ३ जणांचे पुढे सांधेही धरतात. बहुतेकांना आधी कातडीवर चट्टे येतात आणि काही वर्षांनी सांधे दुखू लागतात. काहींचे मात्र सांधेच आधी धरतात आणि चट्टे नंतर दिसतात.

आता नखाचा संबंध कोठे आला? बोट सरळ करणारी जी शीर आपण म्हणतो, ती खरे तर शीर नसून कंडरा असते. ही कंडरा बोटाच्या शेवटच्या हाडाला जेथे जुळते, तेथून नखाचे मूळ अगदी लागून आहे. या रोगात सूज प्रथम अशा जुळणीच्या जागी येते. बैलाच्या मानेवर जू जेथे टेकते तेथेच घासते, तसे समजा. जुळणीची सूज शेजारच्या नखाच्या मुळाला लागते आणि नख वेडेवाकडे उगवू लागते. म्हणूनच ज्यांचे सांधे या रोगाने धरले आहेत, त्यांच्यापैकी १० पैकी ७-८ जणांच्या नखांत काही ना काही बिघाड आढळतो. टाचेमागे जेथे मोठी कंडरा जुळते तेथे, तसेच तळपायात, सकाळी उठल्याबरोबर कळ येते, तिचेही कारण हेच.

इंग्लंडमधील मोल आणि राइट या दोन डॉक्टरांनी १९७३ साली या संधिवाताचे प्रकार नीट मांडून दाखविले. २००६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी तो ओळखण्याचे जे निकष ठरविले, त्यांत नखांतील बिघाडाला स्वतंत्र गुण दिला आहे. म्हणजे ज्या नखाला आपण लपवितो, तेच नख डॉक्टरांच्या दृष्टीने मोठा पुरावा आहे.

हा महारोग नव्हे

लपविण्याचे खरे कारण दुखणे नाही, भीती आहे. आमच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोगाचा इतिहास जुना आहे. वरोऱ्याचे आनंदवन याच कारणाने उभे राहिले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. अशा भागात कोणाच्या अंगावर चट्टा आणि पायाला वाकडे नख दिसले की माणसे कुजबुजतात. मुलीचे स्थळ परत जाते. पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत. अस्पृश्यता काय असते हे ज्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही, त्या आपल्या घरांतून तरी असे घडू नये. परंतु घडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ही गल्लत एकट्या आपल्या भागाची नाही. युरोपातही कित्येक शतके सोरायसिसच्या रोग्यांना कुष्ठरोगी समजून गावाबाहेर काढीत. व्हिएन्नाचे डॉक्टर फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली हे दोन रोग अगदी वेगळे आहेत हे स्पष्ट केले. फरक सामान्य माणसालाही समजेल असा आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, टोचले तरी कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्यावर पापुद्रे सुटतात, खाज येते, आणि टोचले तर चांगलेच कळते. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. सोरायसिस जंतूंमुळे होत नाही, म्हणून तो कोणापासून कोणाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने, रोग्याची चप्पल घातल्याने तो होत नाही. शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. तेथे कुष्ठरोग निघाला तरी घाबरण्याचे कारण नाही, त्याची औषधे मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ साली संसदेने काढून टाकले. कायदा बदलला, आता मने बदलायची आहेत.

सोरायसिस घराण्यात चालतो हे खरे. पण आईला किंवा बापाला आहे म्हणून प्रत्येक मुलाला होईलच असे नाही. पुष्कळ मुलांना तो कधीच होत नाही. तेव्हा स्थळ पाहताना दडवादडवी करण्यापेक्षा डॉक्टरांचा कागद समोर ठेवून मोकळेपणाने बोललेले बरे.

कसे ओळखावे?

दिवसाच्या उजेडात हाता-पायांची वीसही नखे पाहावीत. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे नखावर आहेत काय? हे खड्डे हाताच्या नखांवर अधिक स्पष्ट दिसतात. नखाखाली तेलाचा थेंब सांडावा तसा पिवळसर-तांबूस डाग आहे काय? नख टोकाकडून सुटून वर आले आहे काय? नखाखाली भुसा साचून ते जाड झाले आहे काय? याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. पायाचे एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत फुगून लहान केळासारखे दिसते काय? सकाळी उठल्यावर अंग मोकळे व्हायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो काय? घरात कोणाला सोरायसिस आहे काय?

यांतल्या दोन-तीन गोष्टी जुळल्या तर दवाखान्यात जावे आणि तेथे मोजा काढून पाय दाखवावा. आम्ही हे मुद्दाम लिहितो, कारण सांधेदुखीचा माणूस गुडघा दाखवितो आणि नख दाखवीत नाही, तर नखाचा माणूस नख दाखवितो आणि सकाळचा आखडलेपणा सांगत नाही. अर्धी हकीगत ऐकली तर डॉक्टरही अर्धेच औषध देणार. केसांत कोंडा असेल, कानामागे चट्टा असेल, तेही सांगावे. लाजेच्या जागी चट्टा असेल तर तोही सांगावा.

येथे तीन फसव्या वाटा आहेत. पहिली वाट बुरशीची. पायाचे जाड पिवळे नख बुरशीनेही होते, आणि दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून नखाचा भुसा खरवडून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. ही साधी तपासणी न करता महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या खाणे म्हणजे पैसा आणि यकृत दोन्ही खर्ची घालणे. काहींना सोरायसिस आणि बुरशी दोन्ही एकदम असतात, तेव्हा दोन्हींचा इलाज करावा लागतो. दुसरी वाट रक्ताच्या रिपोर्टची. संधिवाताची म्हणून आर. ए. फॅक्टरची तपासणी करतात. सोरायसिसच्या संधिवातात ती बहुधा निगेटिव्हच येते. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे संधिवात नाही, असा अर्थ काढून घरी बसू नये. तिसरी वाट युरिक ॲसिडची. सोरायसिसमध्ये ते वाढलेले असू शकते, आणि अंगठा सुजला की सरळ वातरक्त म्हणून औषध सुरू होते. खरे काय आहे हे सांधा, नख आणि कातडी एकत्र पाहूनच ठरते.

कोठे जावे? प्रथम आपल्या ग्रामीण रुग्णालयात. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. तेथून चिठ्ठी घेऊन चंद्रपूरला जावे. तेथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोरपन्याहून गडचांदूर, राजुरा करीत एसटीने दिवसाचे काम होते, एका दिवसाची मजुरी बुडते. गरज पडली तर पुढे नागपूरचे मेडिकल किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. बुडालेली मजुरी आम्हालाही दिसते. पण सांध्याची झीज एकदा झाली की ती कोणत्याही औषधाने भरून येत नाही. एक दिवसाची मजुरी आणि आयुष्याचा पाय, हा हिशेब मांडायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

औषध: वार ठरवून आणि लिहून

सुरुवातीला सूज आणि वेदना कमी करणाऱ्या गोळ्या देतात. त्या दुखणे दाबतात, रोग थांबवीत नाहीत. शिवाय रिकाम्या पोटी आणि मनाने रोज खाल्ल्या तर जठर आणि मूत्रपिंड बिघडवितात. रोगाला लगाम घालणारी औषधे वेगळी. त्यांत मेथोट्रेक्सेट ही गोळी सर्वांत जास्त वापरली जाते. ती जुनी आहे, स्वस्त आहे आणि पुष्कळांना उपयोगी पडते. परंतु या गोळीची एक गोष्ट प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. दुकानदाराच्या किंवा घरच्या माणसाच्या गैरसमजाने ती रोज घेतली गेली तर तोंड सोलते, रक्तातल्या पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून एक वार पक्का करावा. आपल्या गावचा आठवडी बाजाराचा वार धरला तर विसर पडत नाही. तिच्यासोबत फोलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी. रक्ताची आणि यकृताची तपासणी सांगितलेल्या मुदतीत करावी. दारू पूर्ण बंद, मग ती दुकानातली असो की मोहफुलांची. गरोदर बाईने ही गोळी घ्यायची नाही. मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. ताप आला, तोंड आले, दम लागू लागला तर पुढची गोळी थांबवून आधी दवाखाना गाठावा.

ही गोळी आज घेतली आणि उद्या गुण आला असे होत नाही. सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वाट पाहावी लागते. नखाला तर त्याहून धीर हवा. पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे पूर्ण नख नवे यायला एक ते दीड वर्ष लागते. आज मुळाशी निरोगी नख उगवू लागले तरी टोकाला जुने खराब नख दिसतच राहते. म्हणून नखाकडे पाहताना टोक पाहू नये, मूळ पाहावे. मुळाशी पट्टी गुळगुळीत येऊ लागली की औषध लागू पडले असे समजावे.

मेथोट्रेक्सेटने भागले नाही तर दुसरी औषधे आहेत. काही गोळ्यांच्या रूपात, काही इंजेक्शनांच्या रूपात. नवीन इंजेक्शने नखांवरही चांगली चालतात, पण महाग आहेत, आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची रक्कम कापली जाते त्यांनी आपले कार्ड काढून ठेवावे. कंत्राटदाराने कापले आणि भरले नाही असे घडू नये म्हणून पगाराची चिठ्ठी मागून घ्यावी.

सगळ्यांत मोठा धोका स्टिरॉइडचा. बिनपदवीच्या माणसाने दिलेले इंजेक्शन, अनोळखी पुडी, दुकानातून मनाने आणलेले मलम यांत तो दडलेला असू शकतो. दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते. बंद केले की रोग दुप्पट जोराने उसळतो. कधी साऱ्या अंगावर पुवाचे फोड येतात. ज्या औषधाच्या पाकिटावर नाव नाही, ते तोंडात घालायचे नाही, एवढा नियम घरात करावा.

आम्ही एक वही केली आहे. चार रकाने: तारीख, सकाळी आखडलेपणा किती मिनिटे, कोणते बोट सुजले, कोणते औषध घेतले. दवाखान्यात पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत वही तोंडापेक्षा जास्त बोलते.

रोजची निगा

आता घरी करण्यासारखे. रात्री घमेल्यात कोमट पाणी घ्यावे, कढत नको. त्यात दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवावेत. मग जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावेत, बोटांच्या बेचक्याही कोरड्या कराव्यात. ओल राहिली तर बुरशी शिरते. नख मऊ असतानाच कापावे. सरळ रेषेत कापावे, कोपरे आत खोल घेऊ नयेत, नाहीतर नख मांसात रुतते. जाड नख एका दमात कापायचे नसते. थोडे थोडे घ्यावे आणि वरून कानशीने हलके घासून पातळ करावे. नख पातळ झाले की बुटाचा दाब कमी होतो आणि निम्मे दुखणे तेथेच हटते. शेवटी नखाला, नखाच्या मुळाला आणि टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे. नख फारच जाड असेल तर ते मऊ करणारे युरियाचे मलम डॉक्टर लिहून देतात. नेलकटर आणि कानस प्रत्येकाची वेगळी असावी.

काय करू नये ते जास्त महत्त्वाचे आहे. नखाखालचा भुसा टाचणीने, काडीने, ब्लेडने कोरू नये. या रोगाचा स्वभाव असा की जेथे जखम होते तेथेच तो नव्याने उठतो. आपल्या जंगलात बिब्बा भरपूर. भेगांना आणि कुरुपाला बिब्ब्याचा चटका देण्याची जुनी सवय आहे. सोरायसिसच्या पायाला बिब्बा म्हणजे आगीत तेल. तेजाब, चुना, बॅटरीचे पाणी यांचे तर नावही नको. नख उपटून काढले की रोग जाईल हाही गैरसमज आहे. नख पुन्हा तसेच येते, कधी त्याहून वाईट. नख मांसात रुतून पू झाला असेल तेव्हा काय करायचे ते डॉक्टर ठरवितील. आणि बोट लाल होऊन लाली वर चढू लागली, पू आला, ताप भरला किंवा बोट काळे पडू लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेह असणाऱ्याने तर तासाचाही उशीर करू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तरीही तसेच. या रोगाची सूज डोळ्यातही जाते.

खर्रा, बिडी आणि वाढलेले वजन हे या रोगाचे सोबती. सोरायसिसच्या माणसाला रक्तदाब, साखर आणि हृदयाचा त्रास होण्याची शक्यताही अधिक असते. म्हणून वर्षातून एकदा तरी हे तपासावे. पाच-सात किलो वजन उतरले तर पायावरचा भार कमी होतोच, औषधेही बरी लागू पडतात.

चप्पल, बूट आणि जोडवी

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची हकीगत आहे. चंपा नगरीच्या श्रीमंत घरात वाढलेला हा तरुण भिक्षू झाला. चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या तळपायांतून रक्त वाहिले आणि ती सारी वाट रक्ताने माखली. भगवान बुद्धांनी त्याला आणखी सहन कर असे सांगितले नाही. एका तळाची पादत्राणे वापरण्यास परवानगी दिली. सोणाने एकट्यासाठी सवलत नको म्हटले, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. याच प्रसंगी वीणेच्या तारांचा दाखला आला आहे. तार फार ताणली तरी सूर नाही, फार ढिली सोडली तरी नाही. दुखणाऱ्या सांध्यालाही तेच लागू. सुजलेल्या दिवशी विसावा द्यावा, सूज उतरली की रोज चालावे, बोटे-घोटे हलवावेत. अंथरुणाला खिळलेला सांधा आखडतो.

पादत्राणे घ्यायची ती संध्याकाळी घ्यावीत, कारण तेव्हा पाय जरा फुगलेला असतो. एक सोपी युक्ती आहे. कागदावर उभे राहून पायाची आखणी करावी, ती कापून दुकानात न्यावी आणि बुटात सरकवून पाहावी. कागद दुमडला तर तो बूट आपला नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी असावी, बोटांवरचा भाग रुंद आणि उंच असावा. अंगठ्यात अडकणारी चप्पल नेमकी दुखऱ्या जागी घासते. त्यापेक्षा वरून पट्टा असलेली, मऊ तळाची सँडल बरी. कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून मऊ रबराच्या तळाच्या एम.सी.आर. चपला देतात. तसला तळ कारागिराकडून आपल्या सँडलला बसवून घेता येतो. काळ्या मातीत निंदणाला जाणाऱ्या बायांनी अनवाणी जाऊ नये. चिखलाने चप्पल ओढली जाते हे खरे, तेव्हा मागून पट्टा असलेली घ्यावी आणि घरी आल्याबरोबर पाय धुऊन कोरडे करावेत.

आमच्या तालुक्यातील पुष्कळ माणसे सिमेंट कारखान्यांत आणि चुनखडीच्या खाणींवर राबतात. तेथे लोखंडी टोपणाचा सेफ्टी शू सक्तीचा असतो. दुखते म्हणून तो काढून काम करणे म्हणजे एका दुखण्यातून वाचून दुसऱ्यात पडणे. एक नंबर मोठा आणि रुंद टोपणाचा बूट मिळतो. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी अर्ज करावा, अर्जाची पोच घ्यावी. मापात बसणारी साधने पुरविणे हे मालकाचे काम आहे, मेहेरबानी नव्हे. एकट्याला मागायला संकोच वाटत असेल तर चौघांनी मिळून मागावे. सोणाची हकीगत यासाठीच सांगितली.

बायांच्या जोडव्यांविषयी दोन शब्द. बोट सुजले की जोडवे मांसात रुतते, खाली जखम होते आणि त्या जखमेवर रोग बसतो. सूज दिसताच जोडवी काढावीत. अडकले असेल तर ओढाताण न करता दवाखान्यात कापून घ्यावे. जोडवी काढल्याने कोणाचे कपाळ पुसले जात नाही. सासूबाईंनी स्वतः पुढे होऊन सुनेला "काढ बाई" म्हणावे, एवढी अपेक्षा आपल्या घरांतून धरायला हरकत नाही.

घरच्यांसाठी

या रोगाने माणूस दिसायला धडधाकट असतो. म्हणून "एवढ्याशा नखाचे काय घेऊन बसला" असे त्याला सर्रास ऐकावे लागते. हे वाक्य बुटापेक्षा जास्त बोचते. सकाळी त्याला तयार व्हायला वेळ लागतो, तो आळस नव्हे. वाकता येत नसेल तर मुलाने बापाची, नवऱ्याने बायकोची नखे कापून द्यावीत. त्यात कमीपणा काय? माणूस गप्प राहू लागला, जेवण टाळू लागला, लग्नकार्याला जाईना झाला, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मन खचणे हाही या रोगाचाच एक भाग आहे आणि त्यालाही इलाज आहे.

हा रोग मुळापासून जात नाही, परंतु दाबात ठेवता येतो. लवकर ओळखला तर सांधे वाचतात, काम सुटत नाही, संसार चालतो. येत्या रविवारी दुपारची जेवणे झाली की घरातील सर्वांनी उजेडात बसून एकमेकांच्या हाता-पायांची नखे पाहावीत. कोणाच्या नखावर खड्डे, डाग किंवा भुसा दिसला, आणि सोबत सकाळचा आखडलेपणा असला, तर सोमवारीच त्याला दवाखान्यात पाठवावे. सोबत कोणीतरी जावे, आणि वही न्यायला विसरू नये.